कलामहाविद्यालयाची वेबसाइट नव्याने कशी करावी : अंबरनाथ एमआयडीसीतल्या होतकरूंसाठी

तुम्ही अंबरनाथ एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला आहे आणि बाहेर 'वेब सोल्युशन्स' अशी पाटी लावली आहे. एका बाजूला पावडर कोटिंग, दुसऱ्या बाजूला लेथ मशीन. मधल्या गाळ्यातून काहीच आवाज येत नसल्यामुळे तुम्ही नेमकं काय बनवता हे वॉचमनला अजून कळलेलं नाही. आजवर तुम्ही व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि प्लॅस्टिकचे ड्रम विकणाऱ्यांच्या वेबसाइट केल्या. आता एका कलामहाविद्यालयाचं काम चालून आलं आहे, आणि पत्रात 'वापरकर्ताकेंद्री पुनर्रचना' असं लिहिलं आहे. घाबरू नका. खालीलप्रमाणे वागा.

पायरी पहिली : वापरकर्ता कोण ते ठरवा

या विषयाचा बोलबाला १९८६ साली डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथापासून सुरू झाला. यंत्र कसं चालतं यापेक्षा माणूस ते कसं वापरतो इथून सुरुवात करा, असं ही मंडळी सांगत होती. नॉर्मन कॅलिफोर्नियात बसून लिहीत होते. संस्थाचालक नावाच्या माणसाशी त्यांची गाठ पडली नव्हती.

आपल्याकडे वापरकर्ता म्हणजे जो चेकवर सही करतो तो. त्यांचा क्रम लावून ठेवा : अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, नॅकची मूल्यांकन समिती आणि उद्घाटनाला कळ दाबायला येणारे पाहुणे. विद्यार्थी यादीत असतो. पान उलटलं की मागे.

पायरी दुसरी : मीटिंग

मीटिंगमध्ये मुख्य पानावरच्या सरकत्या फोटोंचा विषय निघेल आणि तिथेच संपेल. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, वृक्षारोपण, पुन्हा शाल-श्रीफळ (वेगळी शाल). कुणाचा फोटो कितव्या नंबरला सरकतो यावर दीड तास जातो. या दीड तासात कुणीही विद्यार्थ्यांनी काढलेल्या चित्राचं नाव घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका. विद्यार्थ्यांची चित्रं 'गॅलरी'त जातात, पोस्टाच्या तिकिटाएवढी होऊन, आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर तिरकं, पांढरं, जाडजूड कॉलेजचं नाव छापलेलं असतं. चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर चित्र दिसणं अवघड असावं हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम आहे. तो कुणी केला कोण जाणे, पण पाळतात सगळे.

रॅन्डल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २०१० साली 'एक्सकेसीडी' या आपल्या मालिकेत दोन वर्तुळं काढली होती. एकात विद्यापीठाच्या मुख्य पानावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक जे शोधायला येतात त्या गोष्टी. दोन्ही वर्तुळांत सामाईक अशी एकच गोष्ट होती : संस्थेचं पूर्ण नाव. हे चित्र मीटिंगमध्ये दाखवू नका. सगळे हसतील, सचिव सगळ्यांत मोठ्याने हसतील, आणि मग सरकत्या फोटोंचा क्रम ठरवायला घेतील.

पायरी तिसरी : पूर्ण नाव

तेवढं एक तरी नीट असावं. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, आणि त्यांच्याच नावाने भायखळ्याला इस्पितळही आहे. दोन्हीला लोक 'जेजे'च म्हणतात. अंबरनाथच्या चाळीत 'पोरगी जेजेला ॲडमिट झाली' म्हटलं की शेजारी आधी पेढे मागायचे की आधी डबा पाठवायचा, या विचारात पडतात. गुगलचीही तीच गत. तेव्हा पानाच्या शीर्षकात संस्थेचं नाव, गाव आणि 'कला' हे तिन्ही शब्द अक्षरांत लिहा. बोधचिन्हाच्या चित्रात कोरलेलं नाव गुगलच्या कामी येत नाही.

पायरी चौथी : इतिहास

हे पान आपोआप लांब होतं. जे. जे.च्या आवारात १८६५ साली रुडयार्ड किपलिंगचा जन्म झाला, हे वाक्य महाराष्ट्रातलं कुठलंही कलामहाविद्यालय या ना त्या वाटेने आपल्या इतिहासात आणतंच. निदान एखादे सर तिथे शिकलेले असतात. तुम्ही अंबरनाथचे आहात, तर तुमच्याकडे याहून चांगला माल आहे. १८६८ साली सरकारी हुकमावरून जे. जे.चे तेव्हाचे प्रमुख टेरी यांच्या हाताखालची माणसं अंबरनाथला आली आणि १०६० सालच्या आपल्या शिवमंदिराची रेखाटनं काढून, मूर्तींचे साचे घेऊन गेली. म्हणजे कलाशाळा स्वतः मुंबईहून इथे येऊन, दगडासमोर बसून, मापं घेत होती. वापरणाऱ्याच्या दारात जाऊन बघणं यालाच म्हणतात. त्यानंतर दीडशे वर्षांत उलट झालं. आता अंबरनाथच्या पोरीने मोबाइलवरून कलाशाळा शोधायची.

पायरी पाचवी : मराठी

'मराठी' असं बटण ठेवा. ते दाबल्यावर इंग्रजी पान यायला हवं, तशी पद्धत आहे.

मराठी सूचनांचं मात्र थोडं मनावर घ्या. ऑफिसात सूचना जुन्या फाँटमध्ये टाइप होते, तिची प्रिंट निघते, तिच्यावर सही-शिक्का होतो, मग ती स्कॅन होऊन वेबसाइटवर चढते. त्यामुळे ती चित्र असते, मजकूर नसतो. शोधली तर सापडत नाही, अंध विद्यार्थ्याच्या फोनला वाचून दाखवता येत नाही. वर उजव्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची तीन बटणं असतात; ती सगळं मोठं करतात, फक्त सूचना सोडून. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. तीही बहुतेक ठिकाणी छापून फायलीला लावलेली असतात.

यातली मौज अशी की विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी हे जे. जे.चेच विद्यार्थी, आणि पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिक्षक. पडद्यावर मराठी अक्षर नीट उमटावं म्हणून कलाशाळेतल्या माणसाने आयुष्य घातलं. कलाशाळेची सूचना मात्र अजून स्कॅनरच्या काचेवर पालथी पडते.

पायरी सहावी : धावती पट्टी

लाल अक्षरांत 'प्रवेश सुरू', शेजारी लुकलुकणारं 'नवीन', तीन वर्षांपूर्वीचं. पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणारी गोष्ट माणसाला थांबवता आली पाहिजे असं जागतिक मानक आहे. आपल्याकडे पट्टी वाचायची तर तिच्यामागे डोळे धावडवायचे. काढून टाका. विचारलं तर सर्व्हरवर लोड येतो म्हणून सांगा. हे कारण कुणीही उलट तपासत नाही.

पायरी सातवी : शुक्रवारी झेरॉक्सच्या दुकानात बसा

आता मीटिंगमध्ये न सांगता करायचं काम. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी स्टेशनच्या पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रिक्षांच्या वाटेवरचं कुठलंही झेरॉक्सचं दुकान गाठा. बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत जा. दुकानदाराला आधी विचारा, चहा पाजा आणि स्टुलावर बसून घ्या. हे तुमचं संशोधन केंद्र. प्रयोगशाळेला पैसे पडत नाहीत आणि पंखाही असतो.

जेकब निल्सन यांनी २००० साली लिहून ठेवलं आहे की पाच माणसं वेबसाइट वापरताना नीट पाहिली तर बहुतेक मोठे घोटाळे समोर येतात. पाच माणसं इथे तासाभरात मिळतात. बाप केमिकल कंपनीत ऑपरेटर, सुट्टीचा दिवस असूनही पायात सेफ्टी शूज, कारण दुसरे बूट घरी भिजलेत. पोरगी बारावी झालेली, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी. त्या श्रेणीचे दहावीला ७ गुण ज्यादा मिळाले होते, हे बाप तुम्हाला न विचारता सांगेल. तिच्या मोबाइलला कोपऱ्यापासून तडा गेलेला. तिला एवढंच सांगा : 'या कॉलेजला फॉर्म भरायची शेवटची तारीख शोध.' मग गप्प बसा.

गप्प बसणं हे या अभ्यासक्रमातलं सर्वांत कठीण प्रात्यक्षिक आहे. 'अगं वर बघ, वर, तीन रेघा' असं म्हणायला तुमची जीभ वळवळेल. म्हणू नका. ती मेनू उघडेल. त्यात रॅगिंगविरोधी समिती, माहितीचा अधिकार, आयक्यूएसी, प्राचार्यांचे मनोगत असा क्रम आहे. ती मनोगत उघडेल, कारण तिला वाटेल की प्राचार्यच सांगत असतील. ते सांगत नाहीत. मग सूचनांचं पान. मग 'इथे क्लिक करा' अशा एकाखाली एक अकरा ओळी. एका ओळीवर बोट पडतं, फाइल उतरते, आणि स्कॅन केलेलं पान आडवं निघतं. ती फोन आडवा करते. फोन शहाणा असल्यामुळे पानही फिरवतो, पुन्हा आडवं. ती फोन पुन्हा उभा करते. पान पुन्हा फिरतं. शेवटी ती मान वाकडी करते, आणि तिच्या मागे उभा असलेला बापही मान वाकडी करतो.

एवढं तुम्ही पाहिलंत तर तुमच्या वहीत लिहिण्यासारखं दुसरं काही उरत नाही.

दुकानदार मात्र सगळं बघत असतो. तो म्हणेल, 'ताई, ती साइट बंद करा,' आणि भिंतीकडे बोट दाखवेल. तिथे मार्करने लिहिलेला कागद चिकटवलेला आहे : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जात आणि पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, आधार, फोटो. खाली अधोरेखित : 'झेरॉक्स दोन सेट. ओरिजिनल सोबत आणा.' त्याहून खाली : 'सीईटी सेलचा लॉगिन पासवर्ड वहीत लिहून ठेवा.' चित्रकलेच्या सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं हेही त्याला पाठ आहे, आणि तो स्वतः कॉमर्सचा. याच माणसाने महाराष्ट्रातल्या कलामहाविद्यालयांचं खरं मुख्य पान तयार केलं आहे, आणि ते सेलोटेपने लावलं आहे. त्या कागदाचा फोटो काढा, परवानगी घेऊन. तुमची रचना तयार आहे.

पायरी आठवी : टेम्पोवाला

मेनूची नावं कशी ठेवावीत हे कळत नसेल तर एमआयडीसीच्या नाक्यावर उभे राहा. परगावचा टेम्पोवाला टपरीवर येतो आणि विचारतो, 'ड्रम उतरवायचेत, कुठे?' तो प्लॉट नंबर विचारत नाही, खातं विचारत नाही, हातातलं काम सांगतो. टपरीवालाही त्याला कंपनीचा इतिहास ऐकवत नाही. डावीकडे वळ, पाण्याची टाकी, तिसरं गेट. पोरगीही काम घेऊनच येते. फी किती, रंग-कागदाचा खर्च वेगळा किती, हॉस्टेल आहे का, अंबरनाथहून रोज जाऊन-येऊन जमेल का, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करू की चार वर्षांचं बीएफए. आणि बापाचा प्रश्न, जो तो पोरीसमोर विचारत नाही : इथून शिकलेली पोरं आता काय करतात? एका पानावर दहा माजी विद्यार्थ्यांची नावं आणि नोकऱ्या, त्यांना विचारून, लिहा. अध्यक्षांच्या मनोगतापेक्षा ते पान जास्त वाचलं जाईल. हे अध्यक्षांना दाखवू नका.

पायरी नववी : परदेशी उदाहरण

एखादे तरुण प्राध्यापक विचारतील, 'काहीतरी हटके करू या का?' त्यांना येल विद्यापीठाच्या कलाशाळेबद्दल सांगा. तिची वेबसाइट २००६ पासून विकीच्या धर्तीवर चालते. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी स्वतः पानं बदलतात, पार्श्वभूमीवर वाटेल ती भडक चित्रं टाकतात. कित्येकांना ती जगातली सर्वांत कुरूप वेबसाइट वाटते. मला ती आवडते. निदान तिथे कलाशाळेत माणसं राहतात हे कळतं. प्राध्यापकांचे डोळे चमकतील. मग त्यांना विचारा की विद्यार्थ्याने पान बदललं तर त्याला आवक क्रमांक कोण देणार? तिथे विषय मिटतो. तरी एक कोपरा मागून घ्या, महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांनी बदलायचा. वार्षिक प्रदर्शनाच्या आसपास मागितलात तर मिळतो.

पायरी दहावी : उद्घाटन

नारळ सर्व्हरला फोडत नाहीत, लॅपटॉपसमोर फोडतात. लॅपटॉप बाजूला घ्या.

पायरी अकरावी : चालू ठेवणं

वार्षिक देखभालीचा करार आधी करून घ्या, नाहीतर प्रत्येक सूचना 'जरा टाका ना' म्हणून व्हॉट्सअॅपवर येते, रात्री अकराला, आडव्या फोटोत. तारखा बदलण्याचं काम ऑफिसातल्या दोघांना शिकवा. एकालाच शिकवलंत तर त्याची बदली होते. सूचना टाइप करून टाकायला लावा. सही-शिक्क्याचा कागद हवाच असेल तर तो खाली जोडा, आणि जोडण्याआधी उभा करा.

सर्वांत शेवटी वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या खात्यावर आहे ते विचारा. उत्तर मिळायला काही दिवस लागतील. बहुधा ते कधीच निवृत्त झालेल्या हेडक्लार्कच्या खाजगी ई-मेलवर निघतं, आणि दर वर्षी नूतनीकरणाचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो. गोड माणूस असतो. नंबर मिळवा, बदलापूरला राहत असतील तर प्रत्यक्ष जा, खातं संस्थेच्या नावावर करून घ्या. ओटीपीला दहा मिनिटांची मुदत असते, आणि दुपारी एक ते चार ते फोन उचलत नाहीत.