पाल्य स्वयंप्रेरित कसा करावा?

मुलाने जेईईची तयारी लवकर आणि स्वतःहून सुरू करावी, असे वाटणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे : ‘लवकर’ म्हणजे कधी, ते आपण ठरवायचे, ‘स्वतःहून’ हे पाल्याने नातेवाइकांना सांगायचे.

मुहूर्त सहावीचा उत्तम. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासने घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढली आहेत. पण ती क्लासला. आपल्या घरात येऊन कोण बघतो?

एच. सी. वर्मांच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचे दोन्ही खंड पाहुण्यांना दिसतील असे ठेवावेत. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. फुकटच्या गोष्टीवर किती विसंबायचे ते सुज्ञांस सांगणे न लगे. वेळापत्रक बाबांनी एक्सेलमध्ये करावे, रंग आईने सुचवावेत, पाल्यास प्रिंट द्यावी.

गुणदान आधीच समजून घ्यावे. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४, चुकल्यास उणे १. राज्याची सीईटी फारच मवाळ : चुकले तरी काही कापत नाहीत. ही उणीव घरी भरून काढावी. दर चुकीमागे आतेभावाचा पर्सेंटाइल एकदा ऐकवावा.

आता खरा धोका. एखादे दिवशी पाल्य दार लोटून सीईटीचा जुना पेपर काढतो, घड्याळ लावतो आणि गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायला बसतो. चुकलेली गणिते दुसऱ्या दिवशी पुन्हा करतो. ५० पैकी १० च प्रश्न अकरावीचे, हे त्याचे त्यालाच कळते आणि कशाला किती वेळ द्यायचा ते तो परस्पर ठरवून टाकतो! बाबांच्या एक्सेलला विचारतही नाही. अशाने पालकांना काही कामच उरत नाही. म्हणून विसाव्या मिनिटाला सफरचंद कापून आत जावे आणि ‘किती झाले?’ विचारावे. चाळिसाव्याला बशी न्यायला जावे. तरी तो लिहीतच असेल, तर मामांना फोन लावून द्यावा. मामा ‘सध्या एआयलाच स्कोप आहे’ इथून सुरुवात करतील, पुढचे बघायला नको.

एवढे करूनही मूल टिकले, तर अर्ज आपणच भरावा. शाखा, शहरे, फोन नंबर सगळे आपले घालावे. शेवटी एक रकाना उमेदवाराच्या सहीचा असतो. तेवढी सही मात्र, पालकहो, त्याला करू द्या.