बारा फेजचा बोर्ड

मजबुतीविषयीच्या माझ्या कल्पना आमच्या नागऱ्याच्या महादेवाच्या देवळापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. ते जुने दगड बघत वाढलेल्या माणसाला टिकाऊ म्हणजे जड, एवढंच कळतं. लग्नात लोखंडी कपाटही मी याच हिशेबाने घेतलं होतं. ते अजून जिन्यातच आहे.

तर मे महिन्यात, गोंदियाचा पारा ४५ अंशांना टेकलेला असताना माझा संगणक बसला. भाच्याने कॅबिनेट उघडलं, आतून राइस मिलच्या भुशाची धूळ भुर्रकन उडाली, आणि खाली मदरबोर्डवरचे कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले. "मामा, गरमीनं आतला द्रव खराब होते. दहा अंश वाढले की याचं आयुष्य जवळपास निम्मं. नवा घ्याल तं सॉलिड कपॅसिटरवाला घ्या, अन् फेज पाहून घ्या."

यातला 'सॉलिड' तेवढा लक्षात ठेवून मी नागपूरची गाडी पकडली.

बर्डीवरच्या दुकानात मी मदरबोर्डची खोकी एकेक करून तळहातावर तोलली, डोळे मिटून तोलली, दोन हातांत दोन धरून तोलली, तेव्हा दुकानदाराने काउंटरवरचा चहाचा कप हळूच मागे ओढून घेतला.

"काका, प्रोसेसर कोणता आहे?"

"चांगला आहे."

"सॉकेट?"

"भिंतीत आहेत की, तीन."

त्याने दीर्घ श्वास घेतला आणि सर्वांत जड खोकं पुढे केलं. "हा बघा, बारा फेजचा."

मी दचकलो. शेतातल्या मोटरीसाठी थ्री फेजची लाइन मिळवताना माझे निम्मे केस गेले आहेत. "आमच्या घरी सिंगल फेजच आहे हो," मी पडेल आवाजात म्हणालो. दुकानातली पोरं खोक्यांआड दिसेनाशी झाली.

मग त्या सज्जनाने समजावलं, की पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतो जेमतेम एक-सव्वा व्होल्ट, पण करंट भरपूर; हे सगळं एकाच वाटेने केलं तर ती वाट तापते, म्हणून काम फेजांमध्ये वाटून देतात आणि वर ॲल्युमिनियमचे जाड हीटसिंक बसवतात. "टायपिंगच करणार असाल तर तो चार फेजवालाही पुरे," तो म्हणाला. पण तो हलका होता. मी वजन घेऊन घरी आलो.

जुना प्रोसेसर नव्या सॉकेटात बसणार नाही म्हणून नवा प्रोसेसर आधीच घेतला होता. जुनी रॅम दाबून, फुंकर मारून, सौम्य शब्दांत विनवूनही बसेना, कारण डीडीआर३ ची खाच भलत्याच जागी. ती नवी आणावी तोवर कळलं की बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि आमच्या कॅबिनेटमध्ये जागा २४४ मिलिमीटरची, म्हणजे सहा सेंटिमीटर मजबुती बाहेर. बायकोने शिवणाची टेप आणून हे अर्ध्या मिनिटात सांगितलं. "आणायच्या आधी मोजता आलं असतं," असंही ती म्हणाली, पण ते मी ऐकलं नाही.

नवं कॅबिनेट आलं. सगळं बसवलं. बटण दाबलं. पंखे गरगर फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. मी ३ व्होल्टची गोल बॅटरी काढून परत बसवली, रॅमच्या जागा बदलल्या, सगळे स्क्रू सोडून पुन्हा आवळले (एक उरला), शेवटी देवळात नारळही फोडून आलो.

रविवारी भाचा आला. त्याने आत डोकावून पाहिलं आणि कोपऱ्यात लोंबणारी एक वायर दोन बोटांनी उचलली.

"मामा, ह्या आठ पिनच्या वायरनं फेजाले लाइन भेटते. हे तुमी लावलीच नाही."

बारा फेज, आणि लाइन एकालाही नव्हती.