काटेपूर्णेच्या मुलखातील लष्करी मोहीम

शत्रूच्या प्रदेशात विमान कोसळून एकाकी पडलेल्या वैमानिकाने पाणी कोठून मिळवावे, निवारा कसा उभारावा आणि स्थानिक रहिवाशांच्या दृष्टीस न पडता स्वसैन्यापर्यंत कसे पोहोचावे, यासंबंधी अमेरिकी लष्कराने १९५७ साली एक पुस्तिका काढली; पुढे ब्रिटिशांच्या एसएएस या विशेष पथकात उभी हयात घालविलेल्या जॉन वाइझमन यांनी १९८६ साली त्याच विषयावर एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला; आणि तेव्हापासून, ज्यांचे विमान कोसळण्याचा संभव नाही, किंबहुना ज्यांचा प्रवास बहुधा एसटीनेच व्हायचा, अशा असंख्य शांतताप्रिय गृहस्थांच्या कपाटांत या वाङ्मयाने ठाण मांडले आहे.

आमचे एक स्नेही दुय्यम निबंधकाच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेले आहेत. जे छापील आहे, आणि त्यातही ज्यास अनुक्रमांक व परिशिष्टे आहेत, ते सर्व प्रमाण मानण्याची सवय त्यांना नोकरीनेच लागली असल्यामुळे हे दोन्ही ग्रंथ त्यांनी दस्तऐवजांप्रमाणे समासात टिपणे करीत वाचले होते. त्यांतील युक्त्या प्रत्यक्ष करून पाहण्याची त्यांना हौस आली, आणि त्या प्रयोगासाठी आम्ही निवडलेला मुलूख काटेपूर्णेचा. ही नदी वाशीम जिल्ह्याच्या डोंगराळ भागात उगम पावून अकोल्याकडे उतरते आणि पूर्णेस मिळते. तिच्या नावाचे अभयारण्य १९८८ सालचे असून ते वाशीम व अकोला या दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दींत पसरले आहे. वाशीम जिल्ह्यातच कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्यही होते. परंतु त्या उघड्या माळावर वेषांतराच्या व लपण्याच्या प्रकरणाची शोभा होईल, असे निबंधकसाहेबांचेच मत पडल्यामुळे तो बेत मागे पडला.

अडचणीस आरंभ झाला तो अभयारण्याच्या हद्दीवरच. ग्रंथाच्या एका प्रकरणात अग्नी प्रज्वलित करण्याच्या अनेक युक्त्या होत्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या कलम ३० अन्वये अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे. ग्रंथ फासे व सापळे मांडावयास सांगतो, तर कलम ९ शिकारीस मनाई करते. ग्रंथ भाला तासावयास सांगतो, तर कलम ३१ परवानगीवाचून शस्त्रासह प्रवेशास मज्जाव करते. आणि फांद्या तोडून पर्णकुटी उभारण्याचे जे सचित्र प्रकरण साहेबांना सर्वांत प्रिय होते, ते कलम २९ च्या तडाख्यात सापडले. ग्रंथ व अधिनियम अशी दोन्ही पुस्तके मांडीवर घेऊन, एकातील प्रकरण व दुसऱ्यातील कलम यांचा मेळ घालीत ते कितीतरी वेळ पळसाखाली बसून राहिले. अखेर, जगण्याच्या ग्रंथातील निम्म्या उपायांची फलश्रुती कारावास ही आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मोहीम अभयारण्याबाहेरच्या गायरानात हलविण्याचा हुकूम सोडला.

तेथे प्रथम दिशासाधनाचा प्रयोग झाला. जमिनीत काठी रोवावी, तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करावी, पाव तासाने सरकलेल्या टोकाशी दुसरी खूण करावी, म्हणजे त्या दोन खुणांना जोडणारी रेषा साधारण पूर्व-पश्चिम होते, ही रीत शास्त्रशुद्ध आहे; तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु वाशीम हे विसाव्या अक्षांशाच्या जरासे वर वसलेले आहे, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात एके दिवशी माध्यान्हीचा सूर्य या भागात बरोबर डोक्यावर येतो, ही गोष्ट ग्रंथकारांच्या हिशेबी नव्हती. आमचे जाणे नेमके त्याच सुमारास झाले होते आणि साहेबांनी काठी रोवली ती भर बारा वाजता. सावली काठीच्या बुडाशीच गोळा होऊन बसली. घड्याळाच्या तासकाट्यावरून दक्षिण ठरविण्याची दुसरी रीतही या दिवसांत उष्ण कटिबंधात कुचकामाची ठरते; तेव्हा दिशेचा प्रश्न साहेबांनी मंगरूळपीरच्या रस्त्यावरून येणाऱ्या ट्रकांच्या भोंग्यांवर सोपविला.

यानंतरचा प्रयोग जलसंपादनाचा. हात-दीड हात खोल व त्याच्या दुप्पट रुंद असा खड्डा खणावा, मध्यभागी भांडे ठेवावे, वर प्लॅस्टिकचा कागद ताणून त्याच्या कडा मातीने दाबाव्यात, कागदाच्या मध्यावर खडा ठेवावा, म्हणजे जमिनीतील ओल सूर्याच्या तापाने बाष्परूप होऊन कागदाच्या आतल्या बाजूस पुन्हा द्रवरूप होते व थेंबाथेंबाने भांड्यात उतरते. सर्व काही यथासांग जुळून आल्यास अहोरात्रात अर्धा-एक लिटर पाणी मिळते. तो खड्डा खणताना माणसाच्या अंगातून किती पाणी निघून जाते, याची नोंद मात्र सहसा कोणी करीत नाही. साहेब घामाने निथळत होते, पितळी तांब्या कडेला ठेवलेला होता, आणि उन्हापासून बचाव म्हणून सोबत आणलेली लिंबे शेजारी मांडली होती. मला त्या लिंबांतील अनर्थ दिसत होता; परंतु फावडे हाती असलेल्या मनुष्यास सल्ला देऊ नये, अशी माझी शिस्त आहे.

पाहता पाहता बांधावर चार, मग दहा, मग मोजता न येणारी माणसे जमा झाली.

"काय काहाडून रायले जी?" एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले.

"पाणी," साहेब उत्तरले.

"तांब्यानं?" म्हाताऱ्याने लिंबांकडे पाहिले. "साहेब, पानी पायजे त थे पाहा, इहीर हाय तिकडं. खरं सांगा, काय हाय खाली?"

आडरानात खड्डा, तांब्या आणि लिंबे हे त्रिकूट दिसले की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो म्हणजे गुप्तधन. जादूटोणाविरोधी अधिनियम, २०१३, ज्याचे संपूर्ण नाव एका श्वासात उच्चारणे हीच एक कसोटी आहे, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधार्थ केलेली अघोरी कृत्येही येतात. पोलीस पाटलांना निरोप गेला. ते आले, त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिले, ग्रंथातील आकृती उलटसुलट करून न्याहाळली, आणि साहेबांच्या नातेवाइकांपैकी कोणी सोबत आहे काय, अशी मोठ्या आस्थेने माझ्याकडे चौकशी केली. स्थानिक जनतेशी संपर्क हे प्रकरण सैनिकास सावधगिरीचा इशारा देते, लोकांची पारख दुरूनच करावी म्हणते. येथे पारख लोक करीत होते, आणि तीही अगदी जवळून. मग आम्हांला विहिरीवर नेण्यात आले, पाणी पाजण्यात आले, ज्वारीची भाकर व ठेचा खाऊ घालण्यात आला, आणि खड्डा बुजवून घेण्यात आला.

उरलेला एक प्रयोग खाद्यपरीक्षेचा. अनोळखी वनस्पती खाण्यायोग्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी आठ तास उपास, त्या वेळी वनस्पतीचा रस कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहणे, मग ओठास, मग जिभेस, मग एक घास, पुन्हा आठ तास प्रतीक्षा, मग मूठभर, आणि पुन्हा आठ तास. असा हा चोवीस तासांचा विधी आहे. साहेबांनी उपास भाकरीमुळे मोडला असल्याचे मान्य करून कोपराचा भाग तेवढा उरकून घेण्याचे ठरविले आणि एका झाडाची डहाळी मोडण्यास हात उचलला.

"बापू, बिब्याचं झाड हाय थे," जवळच बकऱ्या चारणारे पोर ओरडले. "चीक लागला त आंग उतते."

या बिब्याचे फळ फोडून आतली गोडंबी काढणाऱ्या बाया विदर्भात आहेत. त्यांची बोटे तेलाने काळी पडतात, कातडी उतते, आणि त्या उतलेल्या हातांतून निघालेली गोडंबी शहरात सुक्या मेव्याच्या भावाने विकली जाते. एकाच फळाच्या सालीत जाळ आणि गाभ्यात पौष्टिक खाद्य आहे, हे कोपराच्या परीक्षेतून चोवीस तासच काय, चोवीस वर्षांतही निष्पन्न झाले नसते. ग्रंथाने जे नापास ठरविले असते, तेच येथे कित्येक कुटुंबांचे पोट भरते.

तरीही हे ग्रंथ सर्वस्वी टाकाऊ आहेत, असे मी म्हणणार नाही. संकटात प्रथम स्वस्थ बसा व विचार करा, ऊन तापलेले असेल तेव्हा सावलीत पडून राहा व चाल पहाटे-संध्याकाळी करा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या, पायांची निगा राखा, ही पाने सोन्याची आहेत. वऱ्हाडच्या उन्हात मनुष्य वाघाने नव्हे तर उष्माघाताने मरतो. याउलट, दंशस्थानी चीर देऊन विष शोषून काढावे, असे ज्या जुन्या आवृत्त्यांत लिहिले आहे, ते पान खुशाल फाडून टाकावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच संयुक्त प्रतिविष चालते, ते रुग्णालयातच मिळते, आणि तेथवर दंश झालेला अवयव न हलविता पोहोचणे एवढाच जंगलातील उपचार आहे. मूळ दोष ग्रंथकारांचा नाही. त्यांनी निर्मनुष्य आणि वैरी भूमी गृहीत धरली, आणि आमच्याकडे कोणत्याही टेकडीवरून हाक मारली तर तांड्यातून किंवा वस्तीवरून उत्तर येते.

तेव्हा वाशीमकडे येणाऱ्याने ग्रंथ पावसाळ्यात घरी बसून अवश्य वाचावा. निघताना मात्र माणशी चार लिटर पाणी घ्यावे, कोठे जातो व केव्हा परतणार हे घरी सांगून ठेवावे, १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ करावा, आणि लिंबे पिशवीतच राहू द्यावीत.