मागे बसलेलं बरं

पुण्यात दुचाकी चालवली की जगात कुठेही चालवता येते, असा आमच्याकडे एक समज आहे. तो कुणी तपासून पाहिलेला नाही, पण त्यावर शंका घेतलेलीही खपत नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास लक्ष्मी रस्त्यावरून, पुढे दोन पिशव्या आणि मागे सासूबाई घेऊन, एकदाही पाय न टेकता जो सुखरूप बाहेर पडला, त्याला पॅरिस काय आणि कैरो काय! लंडनमध्ये तर लोक म्हणे आपापल्या लेनमधून जातात. त्यात कसलं आलंय कौशल्य?

मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाल्यापासून हा समज पासपोर्ट काढून हिंडू लागला आहे. हनोईच्या जुन्या भागात पोचल्यावर पुणेकराला आधी भरून येतं. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या. उरलेल्या जागेत प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलांवर माणसं नूडल्स खात बसलेली. त्यामुळे चालणारा रस्त्यावर. आणि उन्हाच्या भीतीने डोळ्यांपर्यंत स्वतःला गुंडाळून घेतलेल्या, स्कूटरवरच्या असंख्य बायका! होंडाची ‘लीड’ नावाची स्कूटर तिथे फार चालते. तिच्यावरून या अवतारात जाणाऱ्या बाईला तिथले लोक ‘निन्जा लीड’ म्हणतात. इंडिकेटर एकीकडचा आणि वळण दुसरीकडे, अशी तिची ख्याती. हा विनोद अर्थात पुरुष करतात. त्यांची स्वतःची ख्याती काय, हे तिथेही कुणी विचारत नसावं.

सुमारे १० कोटी लोकांच्या या देशात ७ कोटींहून जास्त दुचाक्या नोंदलेल्या आहेत आणि त्यांच्यावरून काय जात नाही ते विचारा. फ्रिज जातो. पाण्याने टम्म फुगलेल्या पिशव्यांतून जिवंत मासे जातात. ‘तेत’ म्हणजे त्यांचं नववर्ष जवळ आलं की फळांनी लगडलेलं अख्खं झाड कुंडीसकट मागे उभं राहून घरी जातं. पावसातला रेनकोट तर खास बघण्यासारखा. दोघांची डोकी बाहेर काढायला दोन भोकं, आणि पुढे बरोबर हेडलाइटवर येईल अशी पारदर्शक खिडकी. इतके पावसाळे भिजून आम्हाला ही खिडकी का सुचली नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इतकं घरच्यासारखं वाटल्यावर माणूस स्कूटर भाड्याने घेणारच. दुकानदार परवाना मागतोच असं नाही, आणि मागितला नाही की आपल्याला वाटतं, लागत नसेल. गाड्या तिकडे उजव्या बाजूने चालतात, पण राँग साइडने जाण्याचा इतक्या वर्षांचा सराव असल्यामुळे ती बाजू आम्हाला पाठच असते.

खरी अडचण वेगळीच आहे. तिथल्या चौकात चारी बाजूंनी गाड्या एकाच वेळी शिरतात आणि एकमेकींतून आरपार निघून जातात. कुणी जोरात नसतं, कुणी थांबतही नाही. गल्लीतून बाहेर येणारा मागे वळून बघत नाही, कारण मागून येणाऱ्याने त्याला बघायचं, असं ठरलेलं आहे. पुढे काय आहे ते प्रत्येकाने सांभाळायचं. हॉर्न वाजतो तो ‘मी इथे आहे बरं का’ एवढंच सांगायला. आमच्याकडे हॉर्नमध्ये समोरच्याच्या तीन पिढ्यांचा उल्लेख असतो. रस्ता ओलांडणाऱ्यानेही एका संथ चालीने चालत राहायचं, धावायचं नाही, दचकून मागे यायचं नाही. गाड्या आपोआप वळसा घालून जातात. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला बुटाची नाडी बांधायला वाकणाऱ्याचं जे होतं, तेच तिथे मध्येच थांबणाऱ्याचं होतं.

आणि परदेशी माणूस थांबतो. जर्मन असेल तर ‘आधी तुम्ही’ म्हणून थांबतो, आणि मागच्या चाळीस जणांचा हिशेब चुकतो. पुणेकर सौजन्याने थांबेल ही भीती नाही. तो दोन गाड्यांमधली फट दिसली की कट मारतो. ती फट मात्र दोन गाड्यांनी एकमेकींसाठी राखलेली असते, हे त्याला कुठून कळावं? गर्दीत तरी पुढच्याच्या मागे मागे जाता येतं. धोका असतो तो रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर. वळण घेतलं, समोर कुणी नाही, आणि हात आपसूक डावीकडे जातो.

कागदांचीही गंमत आहेच. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्याचा. व्हिएतनाम मानतं तो १९६८च्या व्हिएन्ना कराराचा. एकोणीस वर्षांचा हा फरक हॉटेलात बसून क्षुल्लक वाटतो. हाड मोडल्यावर विमा कंपनीला तो अजिबात क्षुल्लक वाटत नाही. शिवाय ‘तिकडे काय, सगळं चालतं’ हेही आता जुनं झालं. हेल्मेट २००७ च्या डिसेंबरपासून सक्तीचं आहे. २०२० पासून बिअरचा घोटही चालत नाही. आणि २०२५ च्या जानेवारीपासून दुचाकीने सिग्नल तोडला तर दंड ४० ते ६० लाख डाँग, म्हणजे साधारण १३ ते २० हजार रुपये. एवढ्यात आमच्याकडे वर्षभर सिग्नल तोडता येतील.

परका चालक दुसऱ्या बाजूने कसा दिसतो, ते गोंयकाराला विचारावं. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याची स्कूटर, समोर दिसली की तो मुकाट्याने वेग कमी करतो. ती आता गूगल मॅप बघायला भर रस्त्यात थांबणार, हे त्याला ठाऊक असतं. असे थांबणारे बरेचसे आमच्याकडचेच असतात.

तेव्हा माझं मत विचाराल तर परक्या गर्दीत आपण हँडल धरू नये. गाडी येत नाही म्हणून नव्हे. हा आता काय करणार, हे आजूबाजूच्या शंभर जणांना कळत नाही म्हणून. हनोईत मोबाइलवरून दुचाकी टॅक्सी मिळते. चालकच आपल्याला हेल्मेट देतो. मागे बसलं की मासे दिसतात, झाडं दिसतात, चौकात गाड्या एकमेकींतून कशा निघतात तेही निवांत बघता येतं.

आमचे साडू, लुनापासून बुलेटपर्यंत सगळं चालवलेले, बायकोच्या धाकाने अखेर तिथे मागे बसले. सबंध वाटभर उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते आणि चालकाला मराठीत ‘हळू, हळू, आता घे’ असं मार्गदर्शन करत होते. हॉटेलशी उतरल्यावर ॲपने किती तारे द्यायचे ते विचारलं. त्यांनी चार दिले.

“एक का कापलात हो?” मी विचारलं. “एकदासुद्धा धक्का लागू दिला नाही त्याने.”

“चालवतो चांगला,” साडू म्हणाले, “पण हॉर्न फार वाजवतो.”