लटकूभाऊ, आता गाडी सोडा!

शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर गाड्या अडवून भाविकांना ठरलेल्या दुकानात नेणाऱ्या समस्त लटकूभाऊंस,

गाडी राहुरीकडून येवो की घोडेगावकडून, बाहेरचे पासिंग दिसले की तुमची मोटारसायकल आडवी येते. 'इथंच लावा, पार्किंग फुकट!' गाडी लागते ती ठरलेल्या दुकानापुढे. मग ताट हातात पडते : तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळे कापड, उडीद, नाल. भाव विचारला तर उत्तर ठरलेले, 'आधी दर्शन घ्या, हिशोब नंतर बघू.' परतल्यावर आकडा ऐकून माणूस हबकतो. पण साक्षात शनिदेवाच्या पुढ्यात हुज्जत घालायची हिंमत कितीजणांना होते? तुमचे कमिशन या भीतीवरच पोसले आहे.

जशी तुमची ही अलिखित रीत, तसा या गावाचाही एक अलिखित नियम आहे : घराला दार-कुलूप लावायचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो पाळला. २०११ साली युको बँकेने इथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली. हा भरवसा बघायला लांबलांबून माणसे येतात, आणि वेशीवर त्यांना आधी गाठता तुम्ही! चोर निदान रात्री येतो. तुम्ही भर दुपारी हात करून गाडी थांबवता.

अलिखित रीत परक्या मुलखातही असते. सोव्हिएत रशियात 'ब्लात' चालायचा. ओळखीवर रांग चुकवायची, टंचाईतली वस्तू मिळवायची. कायद्यात नसलेली ही रीत सगळ्यांना पाठ होती. पण तिथे आज तू माझे काम केलेस, तर उद्या मी तुझे करीन, एवढी तरी जाण होती. तुम्ही मात्र भाविक पुन्हा भेटणार नाही, हे हेरूनच त्याला कापता.

'हे वर्षानुवर्षं चालत आलंय,' असे सांगू नका. बायकांना इथल्या शनीच्या चौथऱ्यावर बंदी होती, तीही वर्षानुवर्षांचीच. उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशाच्या कायद्याकडे बोट दाखवले आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, ती उठली. तुमची रीत मोडायला न्यायालयही नको. दुकानावर ठळक दरफलक, ताटासोबत पावती आणि गाडी अडवणाऱ्यावर त्याच दिवशी कारवाई, एवढे पुरे. देवस्थान, पोलीस आणि दुकानदार यांनी मिळून हे करायला हवे. कारण तुमचे कमिशन दुकानाच्या गल्ल्यातूनच निघते.

तुम्हाला पोट आहे, हे मान्य. मग स्वतःचे दुकान थाटा, भाव लिहा, ताठ मानेने विका. पण ज्या गावाने शेजाऱ्यासाठी कधी कडी घातली नाही, तिथे पाहुण्यावर खिसा सांभाळायची पाळी आणू नका.

— नेवासा तालुक्यातील एक भाविक