हद्दीच्या दगडाला फुटलेले पाय

नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती दगडांची वर्तुळं मांडली. सुमारे तीनशे वर्तुळं. दोन हजारांहून जास्त वर्षं उलटली, पण एखादा दगड रातोरात शेजारच्या वर्तुळात गेल्याची तक्रार नाही. खानदेशात हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. आमच्याकडे मोजणीवाल्यानं रोवलेला दगड पहिल्या पावसानंतर हातभर सरकतो, दुसऱ्या पावसाळ्यात दोन हात. दगडाला विचारावं तर तो बोलत नाही आणि शेजाऱ्याला विचारावं तर तो फार बोलतो. आबा मात्र ठाम असतात, "हाई मन्हं वावर शे." बांधाच्या दोन्ही बाजूंचे आबा.

पुणे जिल्ह्यात इनामगावला ताम्रपाषाण काळातली माणसं मोठ्यांना पुरताना घोट्यापासून पाय तोडत. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. भूमिअभिलेख खात्यानं दगड रोवताना हा विधी करून पाहायला हरकत नाही. पूर्वी साधी मोजणी, तातडीची, अतितातडीची असायची, तशी एक 'पाय तोडून'.

खानदेशात अशी वर्तुळं नसली म्हणून काय झालं, मेलेले आमच्याकडेही पुरेसे जुने आहेत. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या एका काठावर बहाळ, समोर टेकवाडे. म. न. देशपांडे यांनी 1956-57 साली तिथं खोदलं, तेव्हा चोख कारभार समोर आला: राहती वस्ती बहाळला, दफनं टेकवाड्याला, मध्ये नदी. बांध कोरता येतो, नदी कोरता येत नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. वाळूचे ट्रॅक्टर तेव्हा निघाले नव्हते.

आता या टेकवाडेकरांची अडचण पाहा. ताबा तीन हजार वर्षांहून जुना. कायद्यात बारा वर्षांच्या उघड ताब्यावर मालकी सांगायला लोक कोर्टात जातात. पण सातबाऱ्यावर यांचं नाव नाही, पीकपाहणीत नोंद नाही, वारस लावायचा तर मृत्यूचा दाखला नाही. तलाठी म्हणणार, मयत हजर करा. तो पुरलेल्या मडक्यात हजर आहे, पण मडक्याला आधार कार्ड कुठलं?

बरं, जमिनीवर नाव नसलं तरी जमिनीला त्यांचा उपयोग आहे. जुन्या गावठाणाची पांढर, म्हणजे राख, शेण, हाडं मुरलेली माती, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून वावरात टाकत आला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या कावठ्याला डेक्कन कॉलेजनं ताम्रपाषाण काळातल्या सावळदा संस्कृतीचं अख्खं गाव उजेडात आणलं, तसं प्रत्येक पांढरीचं नशीब नसतं. बाकीची गावं कपाशीत गेली. शेतकऱ्याला नावं ठेवू नयेत. खताचं पोतं काय भावानं मिळतं ते त्याला विचारा. शिवाय काही सापडलं असं बोलला, तर वावर कायमचं अडकेल ही भीती. 1878 चा निखात निधी अधिनियम सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत मिळालं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवा. दहा रुपयांत आज कटिंग चहा येतो. अमावास्येला गुप्तधन खणणाऱ्याच्या हाती काळी-तांबडी खापरं लागतात, ती तो चिडून बांधावर फेकतो. पुरातत्त्वाचं आद्य प्रदर्शन तेच.

माझ्या मते उपाय एकच, शेंदूर. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकापेक्षा तो स्वस्त आणि त्याची जरब कितीतरी जास्त. बिनशेंदराचा दगड क्रशरला जातो, शेंदराच्या दगडापुढे जेसीबीवाला चप्पल काढतो. टेकवाड्याच्या एका मडक्याला वेळेवर बोट लागलं असतं, तर आज तिथं पत्र्याचा सभामंडप असता, आमदार निधीतून पेव्हर ब्लॉक असते, आणि आत निजलेल्याचं नाव कुणाला ठाऊक नसलं तरी पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदारांची नावं गरगर फिरत असती.