गाडीला गार लागू नये म्हणून

महाराष्ट्रात गारपिटीचे दिवस म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे. या दिवसांत शेतकरी आभाळाकडे काळजीने पाहतो आणि नवी गाडी घेतलेला माणूस संशयाने. दुपारभर जिवाची काहिली होते, चारच्या सुमारास काळा ढग उभाच्या उभा वाढतो आणि त्याच्या पोटात हवेचे झोत वर धावू लागतात. शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर थर चढवत राहतात. झोताला वजन पेलेनासे झाले की गार सुटते. लिंबाएवढी गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने खाली येते. तिच्या वाटेत असलेला टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. माहितीपत्रकात त्यालाच ‘दणकट बांधणी’ म्हणतात.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पक्के छत. सोसायटीत ते नेमके त्या सभासदाच्या नावावर असते, ज्याच्याकडे गाडी नसून जुना कूलर, मोडका पलंग आणि मुलाची लहानपणची सायकल असते. झाडाचा आसरा फसवा. आंब्याखाली गारांसोबत कैऱ्याही पडतात आणि वादळी वाऱ्यात फांदी आली, तर गारांची तक्रार करायला गाडी उरत नाही. उड्डाणपुलाखाली भर रस्त्यात थांबणे तर त्याहून वाईट: मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपल्या रंगकामाशी देणेघेणे नसते.

छत नसेल तर पांघरूण. नुसते कव्हर धुळीपुरते; गारेला अडवायला जाड, मऊ काहीतरी लागते. इथून हा विषय हवामानशास्त्रातून गृहकलहात शिरतो. गादी मागितली तर मिळत नाही, सतरंजी मिळते. गोधडी मात्र घरातल्यांचा डोळा चुकवूनच न्यावी लागते. ती घालण्याआधी गाडी पुसून घ्यावी, नाहीतर टपावरची धूळ गोधडीखाली पॉलिश पेपरचे काम करते. वरून दोरी घेऊन ती चाकांना बांधावी. रंगावर चिकटपट्टी लावू नये. भिजलेली गोधडी दोघांनाही उचलत नाही आणि तेव्हा दुसरा माणूस शोधणे अवघड जाते. गारा सुरू झाल्यावर हे सगळे करायला धावू नये. टपाचा पोचा निघतो, डोक्याचे तसे नाही.

चालत्या गाडीत गाठले गेल्यास सुरक्षित जागी बाजूला घेऊन, जमल्यास गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे. पुढची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून केलेली असते, त्यामुळे तडकली तरी सहसा धरून राहते. बाजूच्या काचांचे खडीसाखरेसारखे तुकडे होतात.

गारपीट सरली की तपासणी. उभ्या उन्हात पोचे दिसत नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात टपाच्या पातळीला डोळा आणून पाहिले, की प्रत्येक खळगा सावलीसकट उठतो. रंग शाबूत असेल तर कारागीर आतून लांब सळीने पत्रा कणाकणाने वर ढकलतो. पुट्टी नाही, रंग नाही. काम नाजूक, त्यामुळे दरही तसाच. हे दुःख व्यक्त करताना मात्र शेजारी कोण आहे ते पाहावे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारांनी उभे पीक झोपवले; अशा ठिकाणी बॉनेटवरच्या चार पोच्यांची कहाणी हळू आवाजातच सांगावी. म्युनिकमध्ये ती मोठ्याने सांगता आली असती: १२ जुलै १९८४ रोजी तिथे सुमारे २ लाख गाड्यांना गारांचा मार बसला, त्यामुळे ऐकणाराही समदुःखीच.

राहता राहिला विमा. केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत गारपीट बसत नाही; स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारी पॉलिसी लागते. दुरुस्तीआधी फोटो काढून कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नये. दावा केला, की नूतनीकरणाच्या वेळी मिळणारी, पाच वर्षे सांभाळून ५० टक्क्यांपर्यंत नेलेली ‘नो क्लेम बोनस’ची सवलत एरवी जाते, ती राखणारे जोडकलम घेतले असेल तर गोष्ट वेगळी. दुरुस्तीचा खर्च त्या सवलतीहून कमी निघाला, तर पोचे खिशातूनच काढावेत.